सव्विसावरून एकोणतिसावर, आणि तिथून खाली

गेल्या वर्षीपर्यंत आमच्या घरात तीन सायकली होत्या आणि त्यांतली एकही धड चालत नव्हती, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. हा शुद्ध अपप्रचार आहे. तिन्ही चालत होत्या. फक्त एका वेळी एकच चालायची, कारण तिला लागणारं सामान उरलेल्या दोघींच्या अंगावरून उतरवावं लागायचं. म्हणजे हिशेबानं पाहिलं तर घरात सायकल एकच होती आणि ती तीन सायकलींची जागा अडवून बसली होती. सुदैवानं बायकोनं हा हिशेब कधी मांडला नाही. तिचे बाकीचे हिशेब पुढे येतीलच.

तिन्ही माउंटन बाइक. तिन्ही पोलादी, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंतच्या, आणि तिन्हींची चाकं सव्वीस इंची. हे शेवटचं महत्त्वाचं. काही माणसं शाकाहारी असतात, काही माणसं कोल्हापूरची असतात. मी सव्वीस इंची होतो.

याची सुरुवात १९९८ साली झाली. सन २००० उजाडलं की जगातले संगणक आपण १९०० सालात आहोत असं समजून बसतील अशी तेव्हा भीती होती, आणि त्यांना भानावर आणायला इथून विमानं भरभरून माणसं अमेरिकेला चालली होती. त्यांत वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मीही कॅलिफोर्नियात जाऊन पडलो. सालाच्या दोन आकड्यांच्या जागी चार आकडे घालायचे, एवढंच काम. जगाला नव्या शतकात सुखरूप पोचवता पोचवता मी स्वतः १९८८ सालात कसा अडकलो, त्याची ही गोष्ट.

एका शनिवारी एका घरासमोर जुन्या सामानाची विक्री मांडली होती. टोस्टर, बेसबॉलचे हातमोजे, लहान मुलाचा पाळणा, आणि भिंतीला टेकून धुळीत उभी असलेली ती. जपानी टँगे पोलादाची सडपातळ नळी, अंगठ्यानं सरकवायचे गिअर, आणि पुढचं दातेरी चक्र चक्क लंबगोल. मला वाटलं वाकलंय. मी तोंड वाकडं करून चाळीसच्या ठिकाणी पस्तीस डॉलरला सौदा पटवला. ते चक्र वाकलेलं नव्हतं. शिमानो कंपनीनं ऐंशीच्या दशकात ‘बायोपेस’ नावाची अशी लंबगोल चक्रं मुद्दाम काढली होती. गुडघ्यांवरचा ताण कमी होईल अशी त्यामागची कल्पना. काही वर्षांत लोकांना ती नकोशी झाली आणि चक्रं मुकाट्यानं पुन्हा गोल झाली. म्हणजे मी जगानं टाकून दिलेली वस्तू मोडकी समजून विकत घेतली आणि घासाघीस केली म्हणून वर खूश झालो. पुढच्या पंचवीस वर्षांचा सारांश यात आला.

मग मी त्या सायकलीचं कुळ शोधायला निघालो. ते गोल्डन गेट पुलापलीकडच्या मरीन परगण्यात सापडलं. तिथं सत्तरच्या दशकात काही केस वाढवलेल्या तरुणांनी तीसचाळीस सालांतल्या जाडजूड श्विन सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरावरून खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी पहिली शर्यत लावली. दोनेक मैलांत सुमारे तेराशे फुटांचा उतार. ब्रेक म्हणजे पायडल उलटं दाबलं की मागच्या हबमध्ये लागणारा. तो एका उतारात इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. पुन्हा भरायचं, म्हणजे ‘रीपॅक’. त्या रस्त्याचं नावच रीपॅक पडलं. पहिली शर्यत ॲलन बाँड्सनं जिंकली. बाकीचे पडले आणि तो पडला नाही, एवढंच त्याचं भांडवल असं सांगतात. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ, टॉम रिची ही त्या पंथाची संतमंडळी. ब्रीझनं तर खास डोंगरासाठी नवी चौकट घडवली आणि भंगाराचा धंदा कारागिरीत नेला.

मी रीपॅकला गेलो. सायकल हातात धरून चालत उतरलो, कारण श्रद्धा वेगळी आणि हाडं वेगळी. खालची चिमूटभर माती पिशवीत बांधून आणली. परतल्यावर ती देवघराच्या खालच्या खणात ठेवली, आणि आईनं पुढची कित्येक वर्षं कुठल्यातरी महाराजांचा अंगारा समजून तिला रोज नमस्कार केला. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. गैरसमज होता असं मला वाटतही नव्हतं.

पुण्यात परतल्यावर मी धर्मप्रसाराला लागलो. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, एकदा तर दहाव्याला मी सव्वीस इंची चाकाची थोरवी सांगितली आहे. लहान चाक चपळ. लहान चाक मजबूत, कारण तारा आखूड. लहान चाक हलकं. माझी उंची पाच फूट चार इंच आहे, त्यामुळे लहान गोष्टींची बाजू घेताना माझ्या आवाजाला आपोआप धार येते.

आणि अशात बातमी आली की खुद्द गॅरी फिशर बाटला. १९९९ साली एका अमेरिकन कंपनीनं एकोणतीस इंची जाड डोंगरी टायर काढला, आणि २००१च्या सुमारास फिशरच्या नावाच्या एकोणतीस इंची सायकली बाजारात आल्या. पायी चालत पंढरपूर गाठावं आणि देऊळ गेल्याच महिन्यात दुसरीकडे हलवलंय असं कळावं, तशी माझी गत झाली. मी फिशरला माफ केलं नाही. त्याला कळलं नसेल, पण नाही केलं. मग २०१२चं लंडन ऑलिंपिक आलं. पुरुषांच्या डोंगरी शर्यतीत सुवर्णपदक एकोणतीस इंची चाकानं नेलं, रौप्यपदक साडेसत्तावीसनं. सव्वीस इंच त्या मंचावर कुठं नव्हतंच. मी टीव्ही बंद केला आणि ‘हे सगळं टायर कंपन्यांचं राजकारण आहे’ असं जाहीर केलं. बायको म्हणाली, “भाजी आणता का?”

पुढची वर्षं मोठ्या कष्टाची गेली. सव्वीस इंची चांगला टायर मिळेना. माझ्या तिसऱ्या सायकलीच्या चिमट्यात नव्वदच्या सुरुवातीचं सस्पेन्शन होतं. त्यात स्प्रिंगऐवजी रबरासारखे गोळे असायचे. एके दिवशी पुढचं चाक खाली दबलं ते वर येईना. कर्वे रस्त्याच्या एका बोळात आमचे सायकलवाले काका बसतात. वाकड्या चाकाचा आउट काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी चिमटा उघडला, आणि आतून तपकिरी, चिकट काकवी ओघळली. तीस वर्षांत त्या गोळ्यांचा पाक झाला होता. काकांनी बोट लावून पाहिलं, चड्डीला पुसलं आणि म्हणाले, “साहेब, हे सामान आता मिळत नाही.” मग थोडा विचार करून म्हणाले, “तसं तेव्हाही मिळत नव्हतं.”

माझ्या धर्मांतराचं श्रेय भाच्याला जातं. वय चोवीस, पाय सायकलपटूचे, जीभ आमच्या घराण्याची. त्यानं एकोणतीस इंची घेतली आणि मला वेताळ टेकडीवर चल म्हणाला. कोथरूडच्या बाजूनं वर चढायचं, खाणीच्या कडेनं वेताळबाबाच्या देवळापर्यंत जायचं आणि परत. हा रस्ता मी वीस वर्षं मारतोय. चढाच्या मध्यावर काळ्या बेसाल्टचा एक दगड जमिनीतून वर आलाय. वीतभरही नाही, पण वीस वर्षांत मी तो एकदाही बसून ओलांडलेला नाही. दरवेळी तिथं उतरायचं, सायकल उचलायची, आणि कोणी बघत असेल तर देखावा पाहायला थांबल्यासारखं करायचं. त्या दगडाजवळ उभं राहून मी पाषाण तलावाच्या दिशेनं इतक्या वेळा पाहिलंय, की लोक मला पक्षीनिरीक्षक समजतात.

भाचा त्या दगडावरून गेला. दगड आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. मी देवळाशी पोचलो तेव्हा त्याचा चहा पिऊन झाला होता आणि तो माझ्यासाठी मागवलेला दुसरा पीत होता.

“मामा, साधी भूमिती आहे रे,” तो म्हणाला. पोह्यांच्या कागदी बशीच्या पाठीवर त्यानं दोन वर्तुळं काढली. चाक दगडावर चढतं तेव्हा दगडाची धार चाकाला कुठल्या कोनात भेटते, यावर सगळं आहे. चाक मोठं, तर कोन लहान. कोन लहान, तर धक्का कमी. मी ती बशी खिशात घालून घरी आणली आणि रात्री हिशेब केला. दगड आठ सेंटिमीटर धरला, त्रिज्या माझ्या चाकाची ३३ आणि त्याच्या चाकाची ३७. माझा कोन आला ४०.७ अंश, त्याचा ३८.४. फरक सव्वादोन अंश! मी आनंदानं टाळी वाजवली. वीस वर्षांचा वाद आणि मुद्दा निघाला सव्वादोन अंशांचा! तेवढा तर आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याला उतार आहे.

दुसऱ्या दिवशी मी ही विजयवार्ता भाच्याला कळवली. तो म्हणाला, “चाक हे नुसतं निमित्त आहे. तुझं हँडल केवढं? छप्पन सेंटिमीटर. माझं अठ्ठ्याहत्तर. तुझ्या हँडलचं नाक तेरा सेंटिमीटर पुढे गेलंय, म्हणजे उतारावर तू आधीच पडायच्या बेतात बसलेला असतोस. तुझा चिमटा ७१ अंशांत उभा आहे, माझा ६६. तुझा ब्रेक म्हणजे विनंती अर्ज आहे. मामा, तू सायकल चालवत नाहीस, तू संग्रहालय ढकलतोस.”

ही शेवटची कल्पना बायकोला फार आवडली. पुण्यात विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. तिथं तुम्हाला तिघींसकट ठेवून घेतात का विचारते, असं ती तेव्हापासून म्हणू लागली.

शेवटी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी सव्वीस इंची घेणाऱ्या माणसानं पंचावन्नाव्या वर्षी एकोणतीस इंची घेतली. किंमत एक लाख अठरा हजार. बायकोनं विचारलं, “कितीला पडली?” मी म्हणालो, “अठरा हजार.” मी खोटं बोललो नाही. रकमेचा शेवटचा भाग आधी सांगितला. पहिला भाग योग्य वेळ पाहून सांगणार होतो.

सायकल घरी आली तीच मुळी भांडत. लिफ्टमध्ये ती आडवी मावेना, म्हणून मागच्या चाकावर उभी केली, तर पुढचं चाक छताच्या पंख्याला लागलं. जुन्या सायकलीवर मी टांग टाकून बसत असे. हिच्यावर बसायला मला जिन्याची पायरी लागली. लहानपणी वडिलांच्या काळ्या सायकलीवर मी नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचो, आणि सीटवर बसायचंच झालं तर ओसरीच्या कट्ट्याचा आधार घ्यायचो. पन्नास वर्षांनी पुन्हा कट्टा शोधायची वेळ आली. फक्त आता मागून धरायला वडील नव्हते, वॉचमन होता, आणि तो व्हिडिओ काढत होता.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो, कोणी बघू नये म्हणून. पण टेकडीवर साडेपाचला जेवढं पुणं असतं तेवढं दुपारी लक्ष्मी रस्त्यावरही नसतं. टेकडीवर मोटरसायकली जाऊ नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी नळ्यांचा एक वाकडातिकडा अडसर आहे. छप्पन सेंटिमीटरचं हँडल घेऊन मी त्यातून वीस वर्षं लोण्यातून सुरी जावी तसा गेलोय. अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर पहिल्या वळणात गेलं, दुसऱ्यात अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. मी आत, सायकल आत, पाठीवरची पिशवी नळीत. मागे फिरायला आलेल्यांची रांग लागली.

“मोटरसायकल न्यायला बंदी आहे,” रांगेतले एक आजोबा काठी आपटत म्हणाले.

“आजोबा, ही सायकल आहे.”

“मग एवढी कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता आलेलं नाही. शेवटी चौघांनी मिळून सायकल माझ्या डोक्यावरून पलीकडे काढली. टेकडीवर फिरणाऱ्या मंडळींचं सायकलवाल्यांविषयी मत मुळात बरं नाही. त्या सकाळी ते सुधारलं नाही.

वर जाताना नव्या काळाच्या एकेक सोयी माझ्यावर तुटून पडल्या. पुढे एकच चक्र, मागे बारा. त्यातलं सगळ्यात मोठं पोळपाटाएवढं. त्याच्यावर पायडल मारलं की पाय गरागरा फिरतात आणि माणूस जागेवरून हलत नाही, असा सरकारी अनुभव येतो. मग टायर. या सायकलीच्या टायरमध्ये ट्यूबच नसते. आत पांढरं, दुधासारखं औषध असतं. बाभळीचा काटा घुसला की ते औषध बाहेर येतं आणि भोक आपोआप बुजतं. काटा घुसला. भोक बुजलं, पण बुजण्याआधी चाकानं तीन फेरे मारले आणि शेजारून चालणाऱ्या एका बाईंच्या निळ्या पंजाबी ड्रेसवर पांढरी रांगोळी निघाली. मी म्हणालो, “मॅडम, हे विज्ञान आहे.” त्या जे म्हणाल्या ते विज्ञान नव्हतं.

पण सर्वांत घातक सोय म्हणजे सीट. हँडलवर डाव्या अंगठ्याशी एक खटका असतो. तो दाबून सीटवर भार दिला की सीट खाली जाते, उतारावर अंग मागं नेता यावं म्हणून. पुन्हा दाबला की सीट वर येते. ‘येते’ हे क्रियापद सौम्य आहे. माझ्या जुन्या सायकलींवर डाव्या अंगठ्याशी पुढचा गिअर असायचा. पंचवीस वर्षांची सवय. मी चढावर उभा राहिलो, सवयीनं अंगठा दाबला आणि दाबून धरला, आणि खालून मला असा काही प्रसाद मिळाला की मला नववीतले गणिताचे सर क्षणभर आठवले.

देवळाशी पोचलो. दगड वाटेत लागला नाही, कारण मी घाबरून लांबच्या रस्त्यानं गेलो होतो. वेताळबाबाला नमस्कार केला आणि उतरायला लागलो.

आता ब्रेकबद्दल सांगायला हवं. जुन्या सायकलीचे रबरी ब्रेक लावायची एक पद्धत असते. देवळाशी निघतानाच चार बोटांची मूठ आवळायची, दात दाबायचे, आणि मनातल्या मनात रामरक्षा सुरू करायची. ‘रामो राजमणिः’पर्यंत सायकलीचा वेग कमी व्हायला लागतो. नव्या सायकलीला तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक असतात आणि ते एका बोटानं लावायचे असतात. हे मला दुकानात सांगितलं होतं. भाच्यानं सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

उताराच्या शेवटी एक मोकळी जागा आहे. तिथं रोज हास्यक्लब भरतो. वीसबावीस ज्येष्ठ नागरिक गोल करून हात वर नेतात आणि पोटातून, मोठ्या कष्टानं हसतात. मी मोठ्या चाकांवर, मोठ्या हँडलनं, आयुष्यात कधी नव्हे इतक्या वेगानं येत होतो आणि मला मजा येत होती. खोटं कशाला सांगू, फार मजा येत होती. खालचे खड्डे नुसते ऐकू येत होते, लागत नव्हते. तेवढ्यात कोणाचातरी पामेरियन आडवा आला. मी चार बोटांची मूठ आवळली.

सायकल थांबली. इतक्या शहाण्यासारखी, इतकी जागच्या जागी आजवर माझी कुठलीच सायकल थांबलेली नव्हती. थांबायला फक्त मी राहिलो. मी हँडलवरून निघालो, पामेरियनवरून गेलो, हास्यक्लबच्या गोलातून आत शिरलो आणि पलीकडच्या घाणेरीच्या झुडपात उतरलो. एकोणतीस इंची सायकलचं आगमन अखेर पुण्यात लोकांच्या लक्षात आलं.

दोन क्षण शांतता. माझ्यामागे सायकल आडवी झाली होती. पडताना कुठल्यातरी दगडानं तो डावीकडचा खटका दाबला गेला असावा, कारण खाली बसलेली सीट सावकाश, मोठ्या मानानं पूर्ण वर आली. आणि हास्यक्लब हसला. त्या दिवशी त्यांना कष्ट पडले नाहीत. हात वर करायचंसुद्धा कोणाला सुचलं नाही. त्यांच्यातल्या एका निवृत्त डॉक्टरांनी डोळे पुसत पुसत माझं मनगट दाबून पाहिलं आणि म्हणाले, “बारीक चीर असणार. तीन आठवडे.” मग थांबून म्हणाले, “आमच्याकडे नाव नोंदवता का? फी नाही.”

तीन आठवडे प्लॅस्टरमध्ये गेले. या काळात बायकोनं एक निर्णय घेतला. “अठरा हजारांना घेतलीत, पंधराला काढू. तीनच हजारांचं नुकसान.” तिनं गिऱ्हाईकसुद्धा आणलं. आमच्याकडे दूध घालणारे मामा अजून काळ्या सायकलीवरून येतात, मागं दोन्ही बाजूंना कॅन लटकावून. त्यांचा मुलगा यंदा अकरावीला गेला, त्याला सायकल हवी होती. मी गप्प. योग्य वेळ अजून आली नव्हती.

मामांनी सायकलीभोवती एक फेरी मारली. टायर दाबला. “स्टँड नाही?”

“नसतो,” मी म्हणालो.

“कॅरिअर?”

“नसतं.”

“मडगार्ड, घंटी, कुलूप?” मी मान हलवत राहिलो. मामा खाली वाकले, चाकाकडे पाहिलं, मग आपली सायकल आणून शेजारी उभी केली आणि ज्या आवाजात ते म्हशीच्या दुधाला आलेला वास सांगतात त्या आवाजात म्हणाले, “वहिनी, चाक पण लहानच दिसतंय हो.”

चाक लहान! जे चाक घ्यावं की न घ्यावं यावर मी पंचवीस वर्षं झुरलो, ते! मी एका हाताचं प्लॅस्टर सावरत मामांच्या टायरची कड पुसली. अठ्ठावीस गुणिले दीड. आकडे माझे पाठ आहेत. सव्वीस इंची डोंगरी चाकाचं रिम ५५९ मिलिमीटर. एकोणतिसाचं ६२२, म्हणजे नावात तीन इंच वाढले तरी रिम जेमतेम अडीच इंचांनीच वाढतं. आणि अठ्ठावीस दीडचं, म्हणजे दूधवाल्यांच्या, पोस्टमनच्या आणि माझ्या वडिलांच्या सायकलीचं, ६३५. माझ्या अत्याधुनिक रिमपेक्षा तेरा मिलिमीटर मोठं. एकोणतिसाची उंची दिसते ती जाड टायरमुळं. ज्या मोठ्या चाकाला मी परकीय आक्रमण म्हणत होतो, ते आमच्या ओसरीवर उभं होतं, आणि मी त्याच्यावरच हाफ पायडल शिकलो होतो. उलट ज्या सव्वीस इंचाला मी धर्म मानला, तो मुळात १९३३ साली श्विननं अमेरिकेतल्या मुलांच्या सायकलींसाठी काढलेला फुगीर टायर. मरीनच्या पोरांना भंगारात तोच मिळाला, म्हणून तो डोंगरावर गेला. अठ्ठावीस दीड मिळाला असता तर मी पंचवीस वर्षं त्याच्यासाठी भांडलो असतो.

“चार हजार देतो,” मामा म्हणाले. “कॅरिअर माझं मी बसवीन.”

“चार हजार?” बायको माझ्याकडे वळली. “अठरा हजारांना फसवलं बघा तुम्हाला!”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. सगळं निभावलं असतं. पण ‘फसवलं’ हा शब्द मला सहन झाला नाही. “फसवलं?” मी ओरडलो. “एक लाख अठरा हजारांची आहे ती!”

मामांनी हळूच आपली सायकल स्टँडवरून काढली. त्यांच्या सायकलीला स्टँड होता. परिस्थिती पाहून निघून जायला तो बरा पडतो.

बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं टेबलावरची ती पोह्यांची बशी उचलली, जी मी पुरावा म्हणून जपून ठेवली होती. “सव्वादोन अंश ना? म्हणजे अंशाला बावन्न हजार.” बशी परत ठेवली. “आपल्या ओट्याला किती अंश आहेत म्हणालात?” या घडीला आमच्या स्वयंपाकघराचं नवीन काम चालू आहे.

तिघींपैकी दोघी गेल्या. पस्तीस डॉलरवाली तेवढी राहिली, एका अटीवर. सायकलवाल्या काकांनी तिला मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, पुढे टोपली आणि ट्रिंगट्रिंग घंटी बसवली. टँगे पोलादाच्या त्या नाजूक नळीला कॅरिअरची क्लिप आवळताना मी पाठ फिरवून उभा होतो. आता बायको तिच्यावरून भाजी आणते. लंबगोल चक्राचा गुडघ्यांना आराम पडतो म्हणते. शिमानोला हे कोणीतरी कळवायला हवं.

प्लॅस्टर निघाल्यावर मी पुन्हा टेकडीवर गेलो. अडसराशी हँडल तिरकं करून सायकल उभी केली की ती निघते, हे आजोबांनीच दाखवलं. ब्रेकवर एकेकच बोट ठेवलं. अंगठा मोकळा. या वेळी जवळचा रस्ता धरला. दम लागत होता, पाय जड झाले होते, मी मान खाली घालून पायडल मारत होतो, आणि बऱ्याच वेळानं मान वर केली तर समोर देवळाचं शिखर. मी थबकलो. दगड? वीस वर्षांचा माझा दगड कुठे गेला?

परतताना मी मागं मागं बघत उतरलो. होता. तिथंच, तसाच, काळा, वीतभरही नाही. मी त्याच्यावरून वर गेलो होतो, आता खालीही आलो होतो, आणि दोन्ही वेळा मला कळलं नव्हतं. मला एकदम वाईट वाटलं. वीस वर्षांची ओळख, नमस्कारही झाला नाही. म्हणून मी पुन्हा एकदा, नीट, मान पूर्ण वळवून त्याच्याकडे पाहिलं.

घाणेरी त्याच जागी होती. हास्यक्लबचे डॉक्टर घड्याळात बघत पुढे आले आणि हात देत म्हणाले, “आज उशीर केलात.”